बियांच्या मातीबद्दल

१४ मार्च

प्रिय बबडे,

तुझं पत्र आणि बाळाचा फोटो मिळाला. तुझे टाके भरत आलेत, बाळ पोटभर पितं आणि तुम्हा दोघांना आळीपाळीने जागवतं, हे सगळं वाचलं. फोटोतलं नाक आपल्याच घरचं आहे, त्याला आता इलाज नाही. मी ठीक आहे. नर्सरीत रोपांचं काम भरपूर आहे. वेळेवर उठते, डबा नेते, परत येते.

उत्तराला उशीर झाला. दोन गोष्टी लिहायच्या आहेत. त्यातली मातीची सोपी आहे, म्हणून आधी ती.

खिडकीतली टोमॅटोची रोपं दोन पानांवर आली आणि एकाएकी आडवी का झाली, असं तू विचारलंस. "आईने सांगितलं तसंच मिश्रण यांच्याकडून करून घेतलं होतं. आईचं मातीच्या बाबतीत कधी चुकत नाही. तिला नीट विचारून सांग," असंही लिहिलंस.

रोपं मेली ती मिश्रणामुळेच. एक भाग काथ्याचं कोकोपीट, एक भाग बागेतली माती, एक भाग कंपोस्ट खत, हे प्रमाण मोठ्या कुंडीत हलवायच्या रोपांचं आहे. बी पेरायला ते चालत नाही. ती माती जड होते, ओल धरून ठेवते. त्यात घरात वारा कमी, ऊन कमी. मग बुरशी धरते, देठ मातीलगत दोऱ्याएवढा बारीक होतो आणि रोप मान टाकतं. आता ते ट्रे गरम पाण्याने घासून धू आणि जुनी माती टाकून दे. तिच्यावर जीव अडकवू नकोस. पुन्हा पेरशील तेव्हा तीन भाग बारीक चाळलेलं कोकोपीट आणि एक भाग पर्लाइट घे. बाकी काही नाही. पर्लाइट म्हणजे ते पांढरे, हलके खडे. मी पहिल्यांदा घरी आणले तेव्हा आईने चिमटीत धरून पाहिले होते. "थर्माकोलचा चुरा विकत घेता? तुझ्या मालकाला म्हणावं, आमच्या टीव्हीच्या खोक्यात फुकट होता." तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय हे तिला कळायचं नाही. शेजारच्या बाईंनीही ऐकलं.

मिश्रण भिजवलंस की मूठभर घेऊन आवळ. बोटांतून एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त झालं. मूठ उघडल्यावर गोळा राहायला हवा आणि बोट लावलं की सुटायला हवा. आई असंच दाखवायची.

बघ, "दाखवायची" लिहून गेले. गेल्या तीन पत्रांत मी "आई म्हणते", "आई सांगते" असं फार जपून लिहीत होते. आता खोडत नाही.

बबडे, आई गेली. नऊ जानेवारीला, सकाळी. चहा घेऊन उठवायला गेले तर ती उठली नाही. झोपेतच गेली, त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले.

तुला आठवा महिना लागला होता. रक्तदाब वर, उठायची बंदी. जावईबापूंना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तिला इतक्यात कळायला नको. डॉक्टरीणबाईंनी धक्का अजिबात चालणार नाही म्हणून बजावलंय." मी बरं म्हटलं. त्यांच्यावर चिडू नकोस. हे पत्र तुझ्या हातात देताना त्यांची जी अवस्था व्हायची ती झालीच असेल.

तुला फसवणं फार सोपं होतं. दोन वर्षं आई फोनवर येतच नव्हती. ती सांगायची, मी लिहायचे, हीच पद्धत पडली होती. फोनवर तू विचारायचीस, "आई काय करतेय?" मी म्हणायचे, "झोपलीये." तू म्हणायचीस, "झोपू दे."

मातीबद्दलचं तुझं पत्र आठ जानेवारीला आलं होतं. त्याचं उत्तर मी नऊ तारखेला रात्री लिहिलं, सगळं आटोपून लोक आपापल्या घरी गेल्यावर. उत्तर लांबलं तर तुला शंका येईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे हाताला काहीतरी काम हवं होतं. त्या आठवड्यात आम्ही नर्सरीत आठशे कुंड्या भरत होतो, मोठ्या रोपांच्या. एक, एक, एक. घमेली ओतून ओतून तेच प्रमाण अंगात बसलं होतं, तेच कागदावर उतरलं. वर "आई म्हणते" लिहिलं. वीस वर्षं याच कामाची भाकरी खाते आणि बी कशात पेरायचं एवढं मला त्या दिवशी आठवलं नाही. तुझी रोपं आईने नाही, मी मारली.

आणखी एक आहे. बाळ दहा दिवसांचं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगायला हरकत नाही म्हटलं होतं. जावईबापूंनी त्याच दिवशी मला फोन केला. त्यापुढचे हे बारा दिवस माझे आहेत, त्यांचे नाहीत. तुझ्या प्रत्येक पत्रात "आईला सांग", "आईला विचार", "आईला फोटो दाखव" असं असायचं. तेवढ्या एका ठिकाणी ती अजून होती. ते माझ्याच हाताने बंद करायचं मला जमेना. तुझ्या काळजीपोटी खोटं बोलले, असं सगळे म्हणतील. तू म्हणू नकोस.

मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, थोरली धीराची. धीर कसला! दाढ काढल्यावर गाल बधिर होतो, आपलेच दात लागले तरी कळत नाही, तसं आहे. बाळाचा फोटो मी आईच्या उशीवर ठेवला. थोडा वेळ उभी राहिले. मग कुकर लावला.

सोबत एक अर्धा कागद पाठवते. आठ तारखेला संध्याकाळी आई सांगत होती आणि मी लिहून घेत होते, तो. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर पुढे लिहायला हात होईना, म्हणून मी न वाचताच कपड्यांच्या कप्प्यात खाली सारला आणि नवीन घेतला. तुझी रोपं गेल्याचं पत्र आल्यावर काढून वाचला. त्यात एवढंच आहे:

"बबडीला लिही, बियाला खत घालायचं नाही. बी आपला डबा घरून बांधून आणतं. तो संपेपर्यंत त्याला काही विचारायचं नाही. तिसरं पान फुटलं की मग हलव. हलवायची माती वेगळी, ती उद्या सांगते."

आईचं चुकलं नव्हतं. हे तुला कळायलाच हवं होतं.

उद्याचं जे राहिलं ते मी आधीच लिहून बसले आहे: एक भाग कोकोपीट, एक भाग माती, एक भाग खत. तिसऱ्या पानानंतर ते बरोबर आहे. रोप देठाला धरू नकोस, पानाला धरून उचल. पान तुटलं तर दुसरं येतं.

वाचून झालं की फोन कर. रागावायचं असेल तर रागाव, मी फोन ठेवणार नाही. आई काय करतेय, एवढं मात्र विचारू नकोस.

बाळाला पापा. खाली "आई आणि ताई" लिहायची हाताला सवय आहे. आज नुसती,

ताई