मशालींचं पाणी

१९ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

कशी आहेस? इकडे आम्ही बरे आहोत. बरे आहोत असं आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून घेतला. दुकानात तिच्या मागे उभी होते, मागायचं धाडस होईपर्यंत तिची खरेदी संपत आली. तू हसशील.

थंडी पडलीय. अधूनमधून पाऊस पण येतो, बारीक, चिकट. नर्सरीतलं माझं काम चालू आहे. शाळा सुटली ती सुटलीच. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की माझा आवाज कुठे जायचा ते तुला माहितीये. कुंड्या काही वाचायला लावत नाहीत. मालकीणबाई बऱ्या आहेत. म्हणतात, "तू दिवसभर गप्प, मी दिवसभर बडबड, दोघींचं मिळून एका माणसाइतकं होतं बघ."

आईच्या मशालींबद्दल लिहायचं होतं. नर्सरीत पाटीवर 'रेड हॉट पोकर' लिहितात, पण माझ्या तोंडात मशालीच येतं. उन्हाळ्यात छान फुलल्या होत्या. खाली पिवळ्या, टोकाला लाल, काठ्या पेटवून उभ्या केल्यासारख्या. आईला खाटेवरून खिडकीतून दिसायच्या. एकदा बाबांना म्हणाली, "अहो, माझ्या मशालींना पाणी घालाल ना?" बाबा म्हणाले, "घालतो." तोवर त्यांनी झारी कधी हातात धरली नव्हती.

घालतात. आई गेली त्या दिवशीसुद्धा घातलं. तू फाटकापाशी उभी राहून परत फिरलीस तेव्हा ते पाठमोरे होते ना, ते तुला टाळत नव्हते असं मी म्हणत नाही. टाळतच होते. पण हातात झारी होती.

हिवाळ्यात आई काय करायची आठवतं? पाणी बंद. सगळी पानं गोळा करून वर बांधायची, आपल्या जुन्या रिबिनींनी. "चल, यांना अंबाडा घालू," म्हणायची. मधल्या गाभ्यात पाणी साचलं की झाड सडतं, म्हणून. बाबांना यातलं काही ठाऊक नाही, ते तेव्हा कामावर असायचे.

मी अंबाडे घातले. दुसऱ्या दिवशी बघते तर सोडलेले. पानं नीट बाजूला करून मधोमध पाणी. मी परत बांधले, त्यांनी परत सोडले. आम्ही दोघं एका टेबलावर जेवतो ताई. भाजी घे, पुरे, एवढंच बोलतो. आणि बागेत हे असं. एकदा पाऊस पडत होता आणि बाबा एका हातात छत्री, एका हातात झारी घेऊन उभे. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, वरचा घालतोय की."

बाबा म्हणाले, "त्याला तिनं सांगितलं नव्हतं."

काकू हसल्या, मग आत गेल्या.

मग झाडं जायला लागली. पान ओढलं की गाभ्यातूनच हातात यायचं, तपकिरी, लिबलिबीत, घाण वासाचं. आधी कडेचं गेलं, मग भिंतीजवळचं. आता खिडकीसमोरचं एकच उरलंय. मालकीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, "पाणी थांबव, नाहीतर हेही गेलं समज. बापाशी बोल. मी नाही येणार बोलायला."

परवा बोलले. बाबा झारी भरत होते, मी नळ बंद केला. म्हटलं, "बाबा, पुरे. सडतायत ती."

"तिनं घाला म्हणून सांगितलं. थांबा म्हणून कुठं सांगितलं?"

इतकं साधं म्हणाले, जसं काही आई आत आहे आणि कुणीतरी जाऊन विचारून यायचंय.

मी म्हटलं, "मला सांगितलं होतं. हिवाळा लागला की बाबांना थांबव म्हणाली."

ताई, असं काही म्हणाली नव्हती. शेवटी शेवटी तिला बोलवतच नव्हतं.

बाबा पायरीवर बसले, झारी मांडीवर घेऊन. म्हणाले, "अजून काय म्हणाली?" मी बंद नळ उगाच आणखी घट्ट केला. "सांग ना. मला नाही सांगितलं, तुला सांगितलं. अजून काय?" त्यांचा चेहरा असा झाला होता की काहीतरी द्यायलाच हवं होतं. म्हटलं, "स्वेटर घालत जा म्हणाली." त्यांनी मान हलवली. "अजून?" "औषध उपाशीपोटी घेऊ नका म्हणाली." "अजून?"

मग मी म्हटलं, "ताईला घरी आणा म्हणाली."

बाबांनी झारी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाले, "लिही तिला. तिनंच सांगितलं म्हटल्यावर मी कोण." आणि आत गेले. कालपासून स्वेटर घालतायत. अंबाडा सोडलेला नाही. झाडाचं काही सांगता येत नाही. थंडी सरल्यावर मधून नवं पान आलं तर जगलं म्हणायचं.

तर हे पत्र बाबांनी लिहायला सांगितलंय. इथंच थांबले असते तर तुला बरं वाटलं असतं. आईनं जाताना तुझं नाव काढलं, असं धरून तू आली असतीस. आधी तसंच लिहिलं होतं, तो कागद फाडला. बाबांशी खोटं बोलले, ते निस्तरायचं तेव्हा निस्तरेन. तुझ्याशी नाही बोलवत. तिच्या मनात तू असणारच, पण ती म्हणाली नाही. मी शेजारी बसले होते. म्हणेल, म्हणेल, म्हणून वाट बघत होते.

तेव्हा आईनं बोलावलंय म्हणून येऊ नकोस. बाबांनी विषय काढला तर तेवढं हो म्हण. बोलावतेय मी. या घरात बाबांशी बोलणारी मी एकटीच उरलेय, आणि मला ते जमत नाहीये.

ये.

तुझी,
धाकटी