न वाचलेलं पुस्तक मी रंजनाला दिलं

प्रिय नंदा,

काल वर्गात माझी मान खाली गेली. तुझ्याशिवाय कुणाला सांगवेना, म्हणून लिहितेय.

तू गेल्यापासून नारपोलीतला आपला रविवारचा मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे प्रोग्राम घालून चालवायच्या चिपचा, वर्ग मी एकटीच चालवतेय. मध्यंतरी शेजारच्या शेलार गावची रंजना आली. तिच्या वडिलांचे कान कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेले. कुणी दार वाजवलं की त्यांच्यासमोर दिवा लागावा, एवढंच तिला करायचंय. "मॅडम, पहिलं कुठलं पुस्तक घेऊ?"

मी काय दिलं असेल? वर्गाच्या कपाटातलं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक! वर सायबर कॅफेतून काढलेल्या प्रिंटचा गठ्ठा, तोही आपल्याकडे नसलेल्या चिपचा. मॅडमला सगळं येतं असं वाटायला हवं ना!

काल तिने सगळं परत आणलं. "मला न्हाय जमणार. पहिल्याच धड्यात अडकले. तुम्हाला तो कसा समजला?"

नंदा, मी तो धडा वाचलेलाच नाही गं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी फळा पुसत राहिले. कोरा फळा!

तू मला कसं शिकवलंस? हातात जी चिप आहे तिचंच वाच, म्हणायचीस. पुस्तकातला पहिला प्रोग्राम आधी चालवून बघ. नाही चालला तर पुस्तक बदल, स्वतःला दोष देऊ नकोस. मला हे आयतं मिळालं, आणि मी तिला नुसतं घाबरवलं.

इतक्या लवकर का गेलीस? तुझ्याआड माझं अज्ञान झाकलं जायचं.

आज शेलारला गेले. दारातच म्हणाले, "रंजना, ते पुस्तक मीही वाचलेलं नाही."

ती मग म्हणाली, "आधी सांगायचं न्हाय का? मी स्वतःला ढ समजून रोज रडायची."

तिला वर्गात घेऊन आले. किटबरोबर आलेलं पातळ पुस्तक उघडलं, पहिला प्रोग्राम टाइप केला. चालेना. का, ते मलाही कळेना, आणि या वेळी मी तसं म्हणाले. दोघींनी मिळून चूक शोधली, तेव्हा कुठे एलईडी लुकलुकला. रंजना हसली. माझ्याकडे बघून मात्र नाही.

आता स्वतः चालवून न पाहिलेलं पुस्तक कुणाच्या हातात देणार नाही. आणि येत्या रविवारी, भरल्या वर्गात, जे येत नाही ते "मला येत नाही" म्हणून सांगेन. रंजना ऐकत असताना.

तुझीच,
सुषमा