कपाटांच्या टिकल्या

७ एप्रिल, सोमवार

खोकी आली! आख्खं स्वयंपाकघर चपटं करून पाठवलंय – पापडासारखं. ओट्याखालची जुनी कपाटं वाळवीने खाल्ली, तेव्हा हृषीकेशने पुण्यात बसल्या बसल्या मोबाइलवरून ही मागवली. आईची काळजी! जोडायला कंपनीचा माणूस येणार म्हणे, अक्षय्य तृतीयेनंतर. तेव्हा येऊन काय करू? चैत्रगौरीचं हळदीकुंकू अठराला आहे, आणि मी सगळ्यांना बोलावून बसलेय.

हे गेल्यापासून दोन चैत्र गौर देव्हाऱ्यातच गुपचूप बसली. ना डाळ, ना पन्हं. यंदा म्हटलं, पुरे! कुंकू लावायला वरच्या मजल्यावरची रुची येणार आहे. मी आपली पन्ह्यापुरती.

महूला वन्संना फोन केला. "तुझ्या घरी? हळदीकुंकू?" तारीख दोनदा विचारून घेतली. मग, "येते. बघते."

शारदावन्सं बघायला लागल्या म्हणजे झालं. घरात कुठे जरा पसारा दिसला की म्हणणार, "झेपत नाही तर कशाला हा घाट?" आणि एकदा त्या म्हणाल्या की पुढच्या चैत्रात माझी काही हिंमत व्हायची नाही. मी मला ओळखते.

८ एप्रिल, मंगळवार

मीच जोडणार. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. चार फळ्या आणि मूठभर स्क्रू मला काय जड!

९ एप्रिल, बुधवार

जड.

१० एप्रिल, गुरुवार

उभं राहिलं! सगळं! कंबर गेली, पण उभं राहिलं. कौतुकाने रुचीला हाक मारली. ती आली, म्हणाली, "काकू, एकदम झकास! पण हे स्क्रू बाहेर का दिसताहेत?"

बघते तर खरंच. प्रत्येक फळीची गुळगुळीत, देखणी बाजू आत, आणि भोकांची बाजू बाहेर. डावी-उजवी उलटी लावली. भूमितीच्या बाईंनी! आता त्या कॉफी रंगाच्या लाकडावर चकचकीत स्क्रूंची डोकी. पोळ्या करताना सगळी माझ्याकडे टकामका बघतात.

एक उलटा फिरवून पाहिला, तर भोकातून भुसा गळायला लागला. रुची ओरडली, "खोलो मत काकू! पूरा बिखर जाएगा!"

हृषीकेशला व्हिडिओवर दाखवलं. आधी हसला. मग म्हणाला, "आई, पाकिटात चॉकलेटी टोप्या असतील बघ, गोल गोल. त्या स्क्रूवर बसवायच्या."

पाकीट! ते मला उरलंसुरलं काहीतरी वाटलं. इंदूरची बाई मी, घरात कचरा ठेवीन होय! सुका वेगळा, ओला वेगळा करून सकाळीच कचरागाडीत टाकून आले. गाडीवाल्याने शाबासकीसुद्धा दिली.

१२ एप्रिल, शनिवार

सियागंजचा आख्खा बाजार पालथा घातला. "आंटी जी, कैप सफेद मिलेगी, ब्राउन खतम." पांढऱ्या आणल्या. कपाट दात विचकून हसतंय असं दिसलं. काढल्या.

कंपनीने टोप्या पाठवतो म्हटलंय. कधी? "जल्दी से जल्दी." म्हणजे अठरा गेल्यावर.

१३ एप्रिल, रविवार

युक्ती सुचली! घट्ट कणकेत कॉफी मळली, गोळ्या केल्या, स्क्रूवर दाबून बसवल्या. रंग हुबेहूब! रुची म्हणाली, "काकू, तुम्ही तो कलाकार निकले." हवेतच तरंगतेय आज.

१४ एप्रिल, सोमवार

मुंग्या.

१५ एप्रिल, मंगळवार

गौरीसाठी करंडा शोधत होते. कपड्यांच्या कपाटातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये करंडा मिळाला, आणि त्याच्यामागे टिकल्या. गठ्ठाच.

हे आणायचे. राजवाड्यावरच्या बाजारात गेले की एक पाकीट ठरलेलं. मला मरून आवडायची आणि हे न चुकता चॉकलेटी आणायचे! किती सांगितलं. "मरूनच तर आहे," म्हणायचे. रंगाच्या बाबतीत माणूस अगदी ढ. तेराव्यानंतर मला कोणी काही म्हटलं नाही, अगदी वन्संनीसुद्धा नाही. कोणी म्हणायच्या आत मीच लावायची सोडली.

पाकीट हातात घेऊन बसले होते, आणि समोर स्वयंपाकघर. चॉकलेटी.

एक लावून पाहिली. काय बसली म्हणून सांगू! स्क्रू गायब. मग थांबलेच नाही. सगळ्यात मोठ्या साइझच्या सगळ्या संपवल्या. संध्याकाळी चहा घेत बघत बसले. माझ्या घरची कपाटंसुद्धा सवाष्ण, आणि मी बसलेय मोकळ्या कपाळाने. हसू आलं. मग रडूही आलं. चहा गार झाला.

१७ एप्रिल, गुरुवार

कुकर लावला की वाफेने गॅसजवळच्या टिकल्या घसरतात. एक वरणात सापडली. उद्या देवच तारो.

१८ एप्रिल, शुक्रवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

वन्सं सगळ्यांच्या आधी आल्या. गौरीला हात जोडले आणि थेट स्वयंपाकघरात. दारं उघडून पाहिली, फळी ठोकून पाहिली.

"सुतार कोण?"

"मी."

"हं."

तेवढ्यात कैऱ्यांच्या कुकरची शिट्टी! वाफच वाफ, त्यात एप्रिलचं ऊन. वन्संनी पदराने कपाळ पुसलं, आणि त्यांची स्वतःची टिकली पदराबरोबर गेली. हात कपाळावर गेला, चेहरा असा, जणू गळ्यातलं मंगळसूत्रच तुटलं! "अगं बाई! बायका यायची वेळ झाली आणि मी अशी? दे, टिकली दे लवकर!"

आता कुठून देऊ? चांगल्या सगळ्या कपाटांना! वन्संनी माझ्याकडे पाहिलं. कपाटाकडे पाहिलं. जवळ जाऊन चष्मा सरसावला. पुन्हा माझ्याकडे. मनात म्हटलं, आता आलंच ते वाक्य.

वन्संनी नखाने एक टिकली उचकटली आणि कपाळावर लावली. खाली स्क्रू चमकला.

"आमच्या कृष्णाने आणलेल्या ना?" म्हणाल्या. "चॉकलेटी! मेल्याला रंग म्हणून कधी कळला नाही. माझ्या लग्नात हिरवा म्हणून निळा शालू उचलून आणलान." आणि जी हसायला लागल्या! मीही. गॅस बंद करायचं भान राहिलं नाही.

मग बायका आल्या. रुची बिचारी घाबरलेली, पहिलंच कुंकू कोणाच्या तरी नाकावर सांडलं. वन्सं गरजल्या, "ही हळदीकुंकू करतेय की रंगपंचमी? अरुंधती! ये इकडे. मला तू लाव."

रुचीने करंडा माझ्यापुढे धरला.

"वन्सं, मी कशी..."

"घर तुझं, गौर तुझी, डाळ तू वाटलीस. कुंकवापुरती ही पोर काय भाड्याने आणलीस? लाव म्हणते ना!"

लावलं. त्या कपाटाच्या टिकलीखाली. थोडं त्यांच्याही नाकावर सांडलं. मग बाकीच्याही एकेक पुढे आल्या. दोघीजणी पन्हं न घेताच उठल्या. उठेनात का!

निघताना वन्सं जिन्यातून म्हणाल्या, "डाळीत मीठ जरा कमी होतं. पुढच्या वर्षी बघ."

पुढच्या वर्षी!

१९ एप्रिल, शनिवार

ढीगभर भांडी घासली. बोटं अजून पिवळी.

२४ एप्रिल, गुरुवार

टोप्या आल्या. सकाळीच सगळ्या स्क्रूंवर बसवल्या, टिकल्या काढल्या. कपाटं रीतसर दिसतात आता, जरा कंटाळवाणीच. टिकल्यांचा गोंद गेलेला. टाकल्या – सुक्या कचऱ्यात. एकीचा चिकटपणा शिल्लक होता.

दूधवाल्याने बेल वाजवली. दार उघडलं तर माझ्या कपाळाकडे बघतच राहिला. "आंटी जी, किधर जा री हो आज?"

म्हटलं, "कहीं नी भिया. इधर ही हूँ."