अजून मागं हो, हिरामण

प्रिय हिरामण,

काल धरणगावला तुझं वर्षश्राद्ध झालं आणि आईनं तुला पुसून टाकलं. म्हणून लिहायला बसले. नाहीतर माझं आणि लेखणीचं कधी जमलंय?

तिला दोष कसा देऊ? तिला आता दिसतं किती! गेलेल्या माणसाचा फोटो पाटावर मांडायचा, कपाळाला गंध लावायचं, हार घालायचा, ही आपली रीत. पण तुझे फोटो म्हणजे तुझ्या त्या बिस्किटाच्या डब्यातले. त्यातला लाटेसारखा खडक आहे ना, तो निवडला, कारण त्यात तू त्यातल्या त्यात मोठा दिसतोस. मोठा म्हणजे किती? ज्वारीच्या दाण्याएवढा!

आईनं फोटो डोळ्याला भिडवला. "बठ्ठा डोंगरच शे. मना पोऱ्या कोठे शे यामा?"

तुझी कमळ पुढं झाली. तिला कोण शिकवतं देव जाणे. म्हणाली, "आजी, हाई मुंगी शे ना, तोच मना बाप."

आईनं गंधात बोट बुडवलं आणि तिथं टेकवलं. तू आख्खा त्या गंधाखाली गेलास रे! तुझी गोदा घाबरली. पदर ओला करून पुसायला लागली, तर गंधाबरोबर फोटोचा रंगही सुटून आला. आता तो खडक तसाच आहे, अंगावर कोसळेल असा. त्याच्याखाली तू हात वर करून उभा होतास, तिथं नुसता पांढरा कागद. आईला कोणी सांगितलं नाही. ती हात जोडून बसून होती. भटजी म्हणाले, "चालू द्या पुढं."

असे फोटो कोणी काढून घेतं का? सांग ना!

भुसावळच्या बंगल्यावर होतास तेव्हा बरा होतास. स्वराज्य आलं, तुझा रेल्वेचा साहेब भावाकडे ऑस्ट्रेलियाला निघाला आणि सामानाबरोबर तुलाही घेऊन गेला. त्याला डोंगर टिपायचं वेड. कॅमेऱ्याची तिवई तू वाहायचास आणि जागा आली की तुलाच समोर उभा करायचा. "अजून मागं हो, हिरामण! अजून मागं!" तूच नक्कल करून दाखवायचास. डोंगर केवढा आहे ते कळायला पाहिजे ना लोकांना! त्याला माणूस नको होता, मोजायला गज पाहिजे होता. आणि तू शहाणा, मागं मागं जात राहिलास. एकदा तरी म्हणायचं होतं, साहेब, एक तोंडाचा पण घ्या.

परत आलास तेव्हा मात्र मजा केलीस, हे कबूल. कापसाच्या जिनिंगच्या फाटकापाशी लिंबाखाली डबा उघडून बसायचास आणि सगळे मजूर रुई सोडून तुझ्याभोवती. समुद्रात उभे असलेले ते उंच उंच खांब बघून सुकलालनं विचारलं होतं, "कोनी बांधं हाई?"

तू म्हणालास, "कोणी नाही. वाऱ्यानं आणि पाण्यानं."

"आनि मजुरी नही मांगी?"

काय हसले होते सगळे! आणि ते मिठाचं पांढरं तळं, क्षितिजापर्यंत नुसतं मीठ. आई तुझ्यावर खवळली, एवढं मीठ पायाखाली तुडवलंस आणि घरी मूठभर आणलं नाहीस म्हणून. तू प्रत्येक फोटोवर नखानं दाखवायचास, "हा मी. हा पण मी." आम्ही तुझ्याकडे बघायचो, फोटोकडे कशाला बघतोय! तू समोर होतास तोवर तो ठिपका तूच होतास. आता तो कोणीही आहे.

आणि ती जत्रा आठवते? फोटोवाल्यानं रंगवलेला पडदा लावला होता, त्यावर डोंगर, तळं, दोन बदकं. मी म्हटलं, बस, कमळीला मांडीवर घे. तू नाक मुरडलंस. "खरे डोंगर पाहून आलोय अक्का, या चिंधीपुढं बसू?" मी म्हटलं, "अरे, डोंगर खोटा असू दे, तोंड तर खरं आहे!" ऐकलं नाहीस. जिलबीच्या दुकानाकडे वळलास. एवढ्या लांब जाऊन धड परत आलास आणि घरच्या अंथरुणात साध्या तापानं गेलास. याला काय म्हणायचं?

आज नशिराबादला माझ्या घरी परतताना गोदा आणि कमळीला बरोबर घेऊन जळगावला उतरले. सगळा डबा फोटोवाल्यापुढं ठेवला. म्हटलं, यातून आमचा माणूस मोठा करून द्या. त्यानं भिंग लावलं. बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "काय जागा आहेत हो बाई!"

"डोंगर नका बघू. माणूस बघा."

"माणूस नाही निघायचा. ठिपका मोठा केला तर मोठा ठिपका होईल." मग त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, तुम्ही वर्णन सांगा, मी हातानं चेहरा काढतो, पुष्कळ लोक करून घेतात.

बसलो दोघी. गोदा म्हणाली, नाक सरळ. मी म्हटलं, बसकं. ती म्हणाली, "मी रोज बघत होते, अक्का." मी म्हटलं, "मी तुझ्या आधीपासून बघत होते." ती रडायला लागली. आणि खरं सांगू? मलाही खात्री नव्हती. तुझी चाल डोळ्यापुढं येते. खिडकीतून हाक मारायचास ती अजून कानात आहे. नाकावर आलं की काही दिसत नाही. एका वर्षात! लहानपणी मीच ते नाक पुसत होते ना रे?

त्यानं आपला काढला एक माणूस. मिशा, टोपी, सगळं नीट. कमळीनं कागद धरला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "हाऊ कोन शे?"



गोदा तो घेऊन गेली. तिचं म्हणणं, पोरीला काहीतरी पाहिजे भिंतीवर. पुढं शाळेत जाईल, कोणी विचारेल. खिळा तर तिनं केव्हाचाच ठोकून ठेवलाय. मी तिच्यावर ओरडले, भर रस्त्यात. आता वाटतं, कशाला ओरडले? माझ्याकडे तरी दुसरं काय आहे तिला द्यायला? साहेबाचा पत्ता नाही. असता तरी त्याच्याकडे डोंगरच असतील.

डबा मी माझ्याकडे ठेवून घेतलाय. कमळ तो दिसला की मागते. परवा एक फोटो चिंचेच्या बोटांनी धरला होता. असेच एकेक जातील. आणि आई गेली, मी गेले, की यात माणूस उभा आहे हेसुद्धा कोणाला कळायचं नाही. लोक म्हणतील, काय जागा आहेत हो!

तरी तुला एक शब्द देते. गोदानं तो मिशीवाला टांगला तर टांगू दे, मी काढायला जाणार नाही. पण तो तिचा बाप आहे, असं कमळीला मी कधी सांगणार नाही. ती आली की डबा उघडीन. तिचे हात आधी धुवायला लावीन. मग तू कुठं आहेस ते तिला दाखवीन, आणि बोट शेजारी टेकवीन, तुझ्यावर नाही. तिला मुंगीच दिसेल. दिसू दे.

तुझी,
अक्का