नकाशातली बेकरी

प्रिय ठकू,

आधी तुझा राग निघू दे, मग पुढचं वाच. गेल्या आठवड्यात माझा फोन बंद होता आणि त्यापायी तू जो गोंधळ घातलास त्याची हकिगत मला घरात पाऊल टाकल्याबरोबर ऐकावी लागली. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई तुझ्या सांगण्यावरून किल्ली घेऊन घरात शिरल्या, बाथरूमचं दार ढकलून पाहिलं, पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं म्हणे. मी पलंगाखाली कशाला जाईन, हे त्यांना विचारायचं मी टाळलं, कारण कुंड्यांना पाणी त्यांनीच घातलं होतं. मामाने आमच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या नव्या मुलीने, मी बजावून ठेवल्याप्रमाणे, बाई रजेवर आहेत आणि ठणठणीत आहेत यापलीकडे अक्षर सांगितलं नाही, तेव्हा मामाने त्या बिचारीचीच खरडपट्टी काढली. आणि तुझे ते निरोप. ते मी सगळे ऐकले, ठकू. शेवटच्यात तुला रडताना धड बोलताही येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आठवडाभर फोन बंद असेल, काळजी करू नकोस, असं मी तुला आधी कळवलं होतं खरं; पण काळजी करू नकोस असं वाचून आजवर कोणाची काळजी थांबली आहे, हे मला सुचायला हवं होतं. मी कुठे होते ते सांगते. मात्र मला माझ्या क्रमाने सांगू दे. पान उलटून आधी शेवट बघायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, ती आजच्या दिवस आवर.

हे फोनवर सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. नसतं आलं. फोनवर आपण दोघी एकमेकींना खूश ठेवतो. मागे तू म्हणालीस की तिकडे परदेशातलं पुलांवरचं संशोधन अर्धवट टाकून तू परत यायचं ठरवलं आहेस, महिनाअखेरीला तुझ्या प्राध्यापक बाईंना तसं सांगून टाकणार आहेस. जुने लाकडी पूल काय कुठे पळून जात नाहीत, आणि खरं तर मला त्यांचा कंटाळाच आलाय, असंही म्हणालीस. त्यावर मी काय बोलले आठवतं? स्वयंपाकघरातला नळ गळतोय, असं बोलले. तुला वाटलं असेल, आईला धक्का बसला. धक्का कसला, मला आनंद झाला होता. इतका आनंद झाला की तो आवाजात उतरेल या भीतीने मी नळाचा विषय काढला. तू येणार, तुझी पुस्तकं पुन्हा जेवणाच्या टेबलावर पसरणार, पंख्याच्या वेगावरून आपली रोज हुज्जत होणार. बाबा गेल्यापासून या घरात माझ्याशी कोणी भांडलेलं नाही. एकटेपणाबद्दल लोक बरंच काही सांगतात, पण हे कोणी सांगितलं नव्हतं, की आपलं म्हणणं खोडून काढणारं कोणी नसलं की माणूस आपलंच बोलणं ऐकून कंटाळतं. मामाचं तर सुरूच असतं, पोरीला बोलावून घे, तुझं आता वय झालं. मी त्याला म्हणते, माझ्यापेक्षा तू मोठा आहेस, तुझं काय झालं? मग तो मला सोडून तुला फोन करतो. हे मला डॉक्टरीणबाईंकडून कळलं.

आता ऑफिसचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. माझं काम तू आजवर अर्ध्या कानाने ऐकलंस, तेव्हा थोडी उजळणी करते. आमच्या विद्यापीठातून जी मुलं सहा महिने, वर्षभर परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जातात, त्यांचा कोणता विषय तिकडे चालेल, तिकडचे गुण इकडे कसे धरायचे, राहायचं कुठे, विमा कसला, हे सगळं मी बघते. आमचा सर्वांत जुना करार आहे तो त्या बंदराच्या गावातल्या विद्यापीठाशी. त्या गावाचा मोठा नकाशा माझ्या टेबलामागच्या भिंतीवर आहे, तो तू लहानपणी पाहिलास. तो मी स्वतः काढलाय आणि त्या गावात मी कधी पाय ठेवलेला नाही. परत आलेल्या मुलांनी सांगायचं आणि मी काढायचं, असा तो वाढत गेला. वसतिगृहापासून वर्गापर्यंतचा चढ धडधाकट मुलं किरकोळ म्हणून सांगतात आणि आळशी मुलं डोंगर म्हणून सांगतात. मी दोन्हींच्या मधला काढला. फेरीबोटी कुठून सुटतात, स्वस्त गरम कपडे कुठे मिळतात, परदेशी विद्यार्थ्याशी नीट बोलणारा औषधवाला कोणता, सगळं त्यात आहे. पण मुलं जाऊन जाऊन वर्गात, बाजारात आणि धक्क्यावर जातात. टेकडीच्या मागे कोणीच जात नाही. त्यामुळे माझ्या नकाशात त्या गावाला पाठच नाही, टेकडीपुढे सगळा कोरा कागद. आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिल्याच कोपऱ्यावर एक बेकरी आहे. अगदी पहिल्या तुकडीतल्या मुलीने ती सांगितली होती. नवख्या गावात पहिल्या सकाळी जीव घाबरतो, तेव्हा आधी तिथे जायचं, म्हातारा हसतो आणि गरम पाव हातावर ठेवतो. तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी बेकरीबद्दल सांगत आले, आणि परत आलेल्या प्रत्येकाने मला पाव छान होता असं सांगितलं.

मध्यंतरी तिकडच्या ऑफिसातल्या बाई एका कामासाठी माझ्याशी स्क्रीनवर बोलत होत्या. इतकी वर्षं आमचा पत्रव्यवहार, पण एकमेकींचं तोंड पाहायची ही पहिलीच वेळ. त्यांना माझ्या मागचा नकाशा दिसला. मी तो काढून कॅमेऱ्यासमोर धरला. त्या पुढे वाकून वाकून बघायला लागल्या, त्यांना त्यांची गल्ली सापडली, शाळा सापडली, आणि त्या अगदी हरखून गेल्या. मग स्टेशनाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, बेकरी.  त्या फार हळुवारपणे म्हणाल्या की तो म्हातारा जाऊन खूप वर्षं झाली, त्या जागी आता सायकली दुरुस्त करतात. मी आभार मानले. बोलणं आटोपलं आणि नुकत्याच परत आलेल्या मुलीला बोलावून घेतलं, जी माझ्यासमोर बसून पावाच्या खरपूस कडेचं वर्णन करून गेली होती. ती कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, काकू, हे आम्ही एकमेकांना सांगतो. परत येणारा पुढच्या जाणाऱ्याला बजावतो, की बेकरी नाहीये, शोधत फिरू नकोस, पण काकूंना बोलू नकोस, बेकरीचं सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलतो. कोणी कोणाला हा नियम घालून दिला ते तिलाही माहीत नव्हतं. म्हणजे बघ, तुकड्यांमागून तुकड्या गेल्या आणि आल्या, त्यातली काही मुलं आज स्वतः प्राध्यापक आहेत, आणि सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी एक बंद दुकान उघडं ठेवलं. ऑफिसात मला हसू आवरेना. घरी आल्यावर रडू आवरेना. त्यांच्यावर राग नव्हता. मायेनेच केलं त्यांनी. पण मी मात्र इतकी वर्षं नव्या गावात घाबरलेल्या मुलांना सायकलच्या दुकानात पाठवत होते.

आणि मग मला तू दिसलीस. पुलांचा कंटाळा आलाय, ही तुझी बेकरी आहे, ठकू. ज्या दिवशी तू तो एकही खिळा न मारलेला पूल पाहून आलीस, त्या दिवशी तू मला स्क्रीनवर त्याचे सांधे समजावून सांगत होतीस आणि तुझं ताट समोर गार होत होतं. मला निम्मं कळलं नाही, पण तुझ्या बाबांचा आवाज आला त्यातून, दुकानात चष्म्याची काच घासता घासता बोलायचे तसा. कंटाळलेलं माणूस असं बोलत नाही. माझ्याही बेकऱ्या आहेत. मी मजेत आहे, ही एक. संध्याकाळी वाचनात वेळ कसा जातो कळत नाही, ही दुसरी. चांगला कळतो.

सरावाचा आठवडा तुला आठवतोच, तुझाही घेतला होता. आमच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने जाण्याआधी एक आठवडा आपली बॅग घेऊन विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायचं, घर त्याच गावात असलं तरी घरी फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, आणि घरच्यांनीही नाही. ही टूम मीच काढली. लोकांना वाटतं की तो मुलांचा सराव आहे. तो घरच्यांचा असतो. मी इतक्या वर्षांत पाहिलंय, अर्ध्यातून परत येणारी मुलं तिकडे करमत नाही म्हणून क्वचित येतात. आपल्यावाचून घरी चालणार नाही, असं त्यांना कोणीतरी वाटायला लावलेलं असतं, नाहीतर त्यांचं त्यांनाच वाटत असतं. तुझ्या आठवड्यात आम्ही काय उजेड पाडला ते तू वसतिगृहाच्या गच्चीतून पाहिलंच होतंस. मी नळ तपासायच्या निमित्ताने फाटकाशी पोचले, तर तिथे तुझे बाबा आधीच उभे, पहारेकऱ्याच्या चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणून चष्म्याचं दुकान भर दुपारी बंद करून आलेले. पहारेकरी गोंधळून दोघांकडे बघतोय, कारण त्याला तेव्हा चष्माच नव्हता. माझ्याच नियमाप्रमाणे आठवडा पुन्हा करावा लागला आणि तू आणखी सात दिवस आमच्यावर धुसफुसत तिथे बसलीस.

तर गेला आठवडा मी त्याच वसतिगृहात होते, सरावाला. आमच्या करारात इकडच्या एका कर्मचाऱ्यासाठी दर वर्षी एक जागा असते, अर्धा दिवस तिकडच्या ऑफिसात काम आणि अर्धा दिवस वर्गात बसून शिकायचं. ती दर वर्षी रिकामी जाते. यंदा मी कोणाला न सांगता अर्ज केला होता, नकाशे काढायला रीतसर शिकावं म्हणून, आणि तुझा फोन आला त्या दिवशी तो मागे घ्यायचं ठरवून टाकलं. स्क्रीनवरच्या त्या बाई माझी मुलाखत घेत होत्या आणि मी बसले होते ती नाही सांगायला. बेकरीने ते तोंडातच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला. तेव्हा पुढच्या महिन्यापासून मी त्या बंदराच्या गावात असेन, तुझ्यापासून तितकीच दूर जितकी इथे आहे, आणि पहिल्या रविवारी टेकडीच्या मागे जाणार आहे. मला भीती वाटते, हे तुला सांगायला हवं. वसतिगृहात पहिले दोन दिवस मी सारखी फाटकाकडे बघत होते. पहारेकरी तोच आहे, डोळ्यांवर बाबांनी मागाहून करून दिलेला चष्मा आहे, आणि त्याने विचारलं की यंदा तुम्हाला बघायला कोण येणार. मी म्हटलं, कोणी नाही. तिसऱ्या दिवशी बघणं सुटलं. घर वर्षभर बंद राहील. माझ्यासाठी परत आलीस तर दाराला कुलूप असेल. तुला स्वतःला खरोखरच यायचं असेल तर बेलाशक ये, किल्ली डॉक्टरीणबाईंकडे आहे, पलंगाखालपर्यंत सगळं घर त्यांना पाठ झालंय. पण तुझ्या प्राध्यापक बाईंशी बोलण्याआधी एक लक्षात घे. गेला आठवडा जसा माझा सराव होता तसा तुझाही होता, कारण या खेपेला घरची तू आहेस, आणि शेजारीण, मामा, ऑफिस असं सगळं गाव उठवून तू सपशेल नापास झालीस. नियम तुला माहीत आहे. पत्र मिळाल्यापासून एक आठवडा फोन करायचा नाही, मीही करणार नाही. आठवडा संपला की फोन कर, आणि आधी त्या पुलाचं सांग, खरं सांग. नापास झाल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पहिल्या खेपेला तुझे बाबाही झाले होते, आणि पुन्हा केलेल्या आठवड्यात ते घरीच बसून राहिले, कारण तू जावंस असं त्यांना फार वाटत होतं.

तुझीच,
आई