सहावा सेल

ती. ताईस,

तुझी भिंगरी खुशाल आहे. नमस्काराच्या आधी हे लिहिलं, कारण पुढचं वाचताना तुला त्याचा आधार लागेल. आता नमस्कार. तुझं प्रशिक्षण कसं चाललंय, पाठदुखी काय म्हणते? (फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस.)

तू निघताना दिलेली यादी मी जरा जास्तच पाळली. दोन वर्षांची पोर सांभाळायची म्हणून प्लगची भोकं बुजवली, टेबलाचे कोपरे जुन्या मोज्यांनी बांधले, बादल्या पालथ्या घातल्या, फिनेल आणि औषधं माळ्यावर चढवली. (त्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्याही गेल्या. त्या काढताना स्टुलावरून पडलो. या घरात आजवर जखमी झालेला मी एकटाच.) राहिलं ते फक्त माझं घड्याळदुरुस्तीचं टेबल. वीस वर्षं तिथे बसतोय, तिथे काही धोका असेल हे डोक्यातच आलं नाही.

बुधवारी दुपारी मी बशीत सहा बटणसेल काढून ठेवले होते. पोस्टमन आला म्हणून सही करायला उठलो. परत येऊन पाहतो तर बशीत पाच, आणि भिंगरी माझ्या खुर्चीवर उभी राहून काहीतरी गिळतेय. तोंड उघडायला लावलं, आत काही नाही. ताई, तिला काखोटीला मारून समोरच्या नर्सबाईंचं दार बडवलं. (तुला आठवत नसतील, गेल्या वर्षीच राहायला आल्यात.) मी तिच्या घशात बोट घालायला निघालो होतो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"उलटी काढायची नाही. सेल घशात अडकला तर तासा-दोन तासांत आतून भाजतं. चला, मी येते."

इस्पितळात एक्स-रे काढताना भिंगरी शहाण्यासारखी पडून राहिली. चुळबूळ माझीच चालली होती, म्हणून मलाच बाहेर काढलं. त्या बाकावर बसून मी तुला काय तोंड दाखवू याचाच विचार करत होतो. शेवटी डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. पोटात एक पांढरा ठिपका होता.

"हा सेल नाही," ते म्हणाले. "टिचबटण आहे. पोटात पोचलंय, आपणहून बाहेर पडेल."

मग भिंगरीचा फ्रॉक पाहिला. खांद्यावर दोन टिचबटणांच्या जागी एकच होतं. फ्रॉक तू शिवलायस, एवढं मी फक्त नमूद करतो.

सहावा सेल घरी सापडला. पोस्टमन यायच्या आधी मीच तो गिऱ्हाइकाच्या घड्याळात बसवला होता. घड्याळ वेळ बरोबर दाखवत होतं.

आता सगळे सेल कुलपात आहेत आणि दुरुस्ती भिंगरी झोपल्यावरच करतो.

तुझा,
धाकटा

ता.क. टिचबटण शुक्रवारी बाहेर पडलं. तपशील लिहीत नाही.

आणखी एक ता.क. घाईने परत येऊ नकोस, हवं तर प्रशिक्षण पंधरा दिवस वाढवून घे. टिचबटण पडलं तरी नर्सबाई रोज संध्याकाळी भिंगरीला तपासायला येतात. काल ती पाचलाच झोपली होती. तरीही बाई आठपर्यंत बसल्या.