हायपोची जुनी बरणी

२ तारीख, रविवार

घडीच्या खुर्चीने माणसावर केलेल्या अत्याचारांची नोंद अजून कुणी घेतलेली नाही, म्हणून ती मी इथे घेतो. आज सकाळी जुना कॅमेरा मंडळाच्या बैठकीत मला सन्मानाने बसवण्यात आले आणि बसताक्षणी खुर्चीने माझ्या पँटचा मागचा भाग चावून धरला. अध्यक्षांचे स्वागताचे भाषण संपेपर्यंत सोडला नाही. टाळ्या झाल्या तेव्हा मला उठता येईना, तर लोकांना वाटले की माणूस गंभीर प्रकृतीचा आहे. माझ्याबद्दल हा गैरसमज आयुष्यात पहिल्यांदाच झाला, त्यामुळे मी तो दूर केला नाही.

या गावात येऊन आम्हाला महिना होत आला. हिला विमा कंपनीच्या इथल्या शाखेची प्रमुख केली, म्हणून आलो. मी वर्तमानपत्रात तिरकस लिहून पोट भरतो. तिरकसपणा काय, कुठूनही करता येतो. पण दिवसभर घरात बसून मी खिडकीतल्या कबुतरांवरही टीका करू लागलो, तेव्हा ही म्हणाली, अहो, जरा माणसांत जा, नाहीतर मी कबुतरांची बाजू घेईन. माझ्या वडिलांचा फिल्मचा कॅमेरा कपाटातून काढून तिनेच माझ्या गळ्यात घातला आणि दारापर्यंत सोडायला आली. दार आतून लावल्याचा आवाजही लगेच आला.

मंडळ एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वर भरते. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकी, खुर्च्या नावाचे ते सापळे, आणि एका भिंतीवर काळ्यापांढऱ्या फोटोंची रांग. आतली खोली म्हणजे डार्करूम. माणसे झकास आहेत. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणतात आणि ते शटर दाबण्याआधी इतका विचार करतात की समोरचा माणूस जन्मठेप ऐकायच्या तयारीने उभा राहतो. दातांचे डॉक्टर आहेत, ते लेन्स पुसतानाही आपोआप म्हणतात, जरा आ करा. आणि बाई. गणित शिकवून निवृत्त झालेल्या, डार्करूमच्या सर्वेसर्वा. त्यांनी माझा कॅमेरा हातात घेतला, कानाशी नेऊन शटर वाजवले आणि म्हणाल्या, तब्येत बरी आहे, मालकाचं बघू.

खूप दिवसांनी मनापासून हसलो.

९ तारीख, रविवार

मंडळाची एक रीत आहे. नव्या सभासदाने आपल्या घरच्या एका माणसाचा फोटो काढायचा, इथेच धुवायचा, इथेच भिंतीवर लावायचा. साहेबांनी धाकट्या भावाचा लावला आहे, डॉक्टरांनी आईचा, बाईंनी नवऱ्याचा. बाई म्हणाल्या, भिंतीवरचं माणूस टिकतं. मी म्हटले, आमच्या हिला भिंतीची गरज नाही, माझ्याबरोबर इतकी वर्षं टिकली त्यात सगळं आलं. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, पण गणिताच्या बाईंकडून ती अपेक्षाच नव्हती.

हिला खिडकीशी बसवून फोटो काढला. फोकस करेपर्यंत तिने भाजी निवडून संपवली. म्हणाली, तुमचं होईपर्यंत मी म्हातारी होईन, मग वेगळा माणूस आला म्हणून परत काढाल. त्यावर मी हसलो आणि ती माझ्याकडे बघून हसली, तेव्हाच बटण दाबले गेले.

दुपारी बाईंनी डार्करूममध्ये शिकवले. लाल बल्ब. पहिल्या ट्रेमध्ये कोरा कागद बुडवला आणि त्यातून हळूहळू ही वर आली. आधी केस, मग डोळे, मग ते हसू. मी रुमाल काढून नाक पुसले. हायपोच्या वासाने असेल. हायपो दुसऱ्या ट्रेमध्ये असतो. त्यातून काढेपर्यंत चित्र कच्चे. लाल दिव्यात ठीक, पण पांढऱ्या उजेडात नेले की ते काळे पडत जाते, पार काळे होईपर्यंत. हायपो त्याला पक्के करतो.

इथला हायपो मात्र एका मोठ्या चिनी मातीच्या बरणीत असतो आणि तो कधीच फेकत नाहीत. थोडा काढायचा, थोडा नवा घालायचा, विरजणासारखे. प्रत्येक फोटोतली जास्तीची चांदी त्या पाण्यात उतरते, म्हणजे भिंतीवरच्या सगळ्यांचे थोडे थोडे त्यात आहे, असे बाई म्हणाल्या. आणि बजावले, ही बरणी कधी ओतायची नाही. मी मनात म्हटले, काय हा कंजूषपणा!

१६ तारीख, रविवार

सफाईची पाळी माझी होती. घरी मी ग्लाससुद्धा विसळत नाही, पण मंडळाची सेवा म्हटल्यावर अंगात येते. ट्रे घासले, चिमटे घासले, फोटो वाळवायच्या दोऱ्या पुसल्या. शेवटी बरणीचे झाकण उघडले. सडक्या अंड्यांचा वास, तळाशी काळा गाळ. बाईंचे बजावणे आठवले नाही असे नाही. आठवले, आणि हसू आले. सगळे मोरीत ओतले, बरणी साबणाने घासली, पुडा फोडून नवा हायपो कालवला. स्वच्छ, पाण्यासारखा. वाटले, आता शाबासकी मिळेल.

बाई आल्या, झाकण उघडले आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. तिथूनच त्यांनी विचारले, तळाशी थोडं राहिलं होतं का? मी अभिमानाने सांगितले, साबण लावला. डॉक्टरांनी आईचा फोटो भिंतीवरून काढला, काळ्या कागदात गुंडाळला आणि निघून गेले. साहेबांनी बाहेरच्या खोलीचा दिवा बंद केला, खिडकी लावून घेतली. मी विचारले, काय झाले? साहेब म्हणाले, तुम्हाला सांगितलं होतं. आवाज रागाचा नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

घरी येऊन हिला सगळे रंगवून सांगितले. तीही हसली. मग म्हणाली, दुसऱ्याच्या बरणीला हात कशाला लावलात पण.

१९ तारीख, बुधवार

बाहेर रणरणते ऊन आहे. ही सकाळपासून म्हणते आहे, आभाळ आलंय. दुपारी ऑफिसातून फोन केला, तुमच्याकडे वीज आहे का, इथे सगळे अंधारात कसे काम करतायत कोण जाणे. संध्याकाळी लवकर आली. घरातले सगळे दिवे लावले आणि मला विचारले, कमी वॅटचे बल्ब आणलेत का? माझ्या काटकसरीवर जे बोलायचे ते बोलून घेतले.

मी हसलो. हसू ओठांच्या पुढे गेले नाही.

२० तारीख, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले. डोळे उत्तम. तिच्या वयाला असे डोळे बघितले नाहीत म्हणाले. तिने विचारले, मग तुम्ही दिवा लावून का तपासत नाही? दिवा तिच्या डोळ्यांसमोर लावलेला होता.

तिथून थेट मंडळात गेलो. भिंतीवर तिच्या फोटोची कडा करडी पडली आहे. खिडकीकडची बाजू जास्त. साहेबांचा भाऊही, बाईंचे यजमानही. मी तिचा फोटो काळ्या पाकिटात घालून घरी आणला. बाईंना विचारले, नव्या हायपोत पुन्हा बुडवला तर? बाई म्हणाल्या, बुडवून पाहिला यांचा. नुसता कागद पक्का होतो.

 

२१ तारीख, शुक्रवार

पाकिटाचा उपयोग नाही. फोटो अंधारात आहे, पण ती कुठे अंधारात आहे? ती घरात फिरते, खिडकीशी उभी राहते, नळ शोधते. आज सकाळी तिचा डावा हात पाहिला. सावली पडल्यासारखा. मी तिच्याभोवती फिरून पाहिले, सावली कशाचीच नव्हती. चोळून पाहिले. तिने विचारले, शाई लागली का?

मंडळातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांची आई आरामखुर्चीत आहे, म्हणाले. म्हणजे खुर्चीत शाल आहे आणि शालीत काळोख आहे. चमचा पुढे केला की पेज संपते. मी विचारले, त्या काही बोलतात का? त्यांनी फोन ठेवून दिला.

२२ तारीख, शनिवार

तिला डार्करूममध्ये आणले. लाल बल्ब लावला आणि तिने एकदम डोळे बारीक केले, मग मोठे. म्हणाली, अहो, दाढी किती वाढलीय तुमची! दिसत होते. सगळे दिसत होते. कोपऱ्यातले जाळे दाखवले, माझ्या शर्टाचे चुकलेले बटण दाखवले, मी मंडळाची सफाई कशी करतो ते आता समजलं म्हणाली. मी तिला टोमणे मारू दिले. आयुष्यात एवढे गोड काही ऐकले नव्हते.

इथेच राहायचे. गादी आणली. दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. तिच्या ऑफिसात आजारी म्हणून कळवले.

बाई दाराबाहेरून म्हणाल्या, लाल उजेडही निरुपद्रवी नसतो. सावकाश असतो, एवढंच. पूर्ण अंधार ठेवाल तर टिकेल.

२३ तारीख, रविवार

दिवा बंद करून बसलो. तास, दोन तास. तिने सहन केले. मग म्हणाली, लावा. मी समजावले. बाईंचे सांगितले. म्हणाली, काळोखात टिकून करू काय, मी काय बरणीतलं लोणचं आहे? तुमचं तोंड तरी दिसू दे, तसं बघण्यासारखं नाही ते, पण सवय झालीय.

मी नाही म्हटले. पहिल्यांदाच तिच्यासमोर नाही म्हटले आणि टिकलो. मग ती काळोखात रडायला लागली. तिला मी कधी रडताना –

लावला.

२४ तारीख, सोमवार

डावा हात खांद्यापर्यंत गेला. आहे, हाताला लागतो, ऊब आहे. पण दिसत नाही. म्हणजे काळाच दिसतो. गालाची कडाही.

मोरीच्या पाइपाखाली बादली लावून पाहिली. खाली उतरून चेंबरचे झाकण उचलले. गाळ वर काढला, गाळून बरणीत घातला. नुसती घाण. लोक बघत होते. एकाने विचारले, काही पडलं का? मी हो म्हटले.

२५ तारीख, मंगळवार

बल्ब उडाला. गावातली दुकाने पालथी घातली, लाल बल्ब आता कोण ठेवतो. साहेबांकडे गेलो. त्यांच्या घरी खिडक्यांना कांबळी. आतल्या खोलीत त्यांचा भाऊ. एक बल्ब जळत होता, एक जादा होता. तोच त्यांनी दिला. म्हणाले, माझा उडाला की लागेल. परत आणून द्या एवढंच.

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी मागे घेतले. माझ्याकडे न बघता म्हणाले, आता उशीर नको, तिकडे त्या एकट्या असतील.

२६ तारीख

चेहरा अर्धा. डोळे अजून आहेत. हसणे आहे. माझ्याकडे बघत राहते. मीही. बोलायला काही सुचत नाही, आणि मी त्यावर पोट भरत आलो –

डॉक्टर आले होते. बाहेरच्या खोलीत बसले, खुर्चीने धरले तरी उठले नाहीत. आई गेली का, विचारले. म्हणाले, तेच तर कळत नाही.

२७

डोळे गेले. म्हणजे मला दिसत नाहीत. तिला मी दिसतो म्हणते. विचारले, खरंच? म्हणाली, बटण आजही चुकलंय.

चाचपले. बरोबर होते सगळे.

तिला काही सांगितले नाही.

२८

तिच्या जागी काळे. लाल उजेड तिथे जातो आणि संपतो. आवाज येतो, पण लांबून, जिन्याच्या खालून आल्यासारखा.

म्हणाली, साहेबांचा बल्ब देऊन या. त्यांच्या भावाला लागेल. आपल्याला आता काय –

मी म्हटले, उद्या. म्हणाली, उद्या नको. कुणाचं ठेवून घेऊ नये.

बल्ब काढला. गार होऊ दिला. रुमालात गुंडाळला. साहेबांनी दार जेमतेम उघडले, हात बाहेर काढला. त्यांच्या मागे पूर्ण काळोख होता. त्यांचा उडाला होता. कधीपासून ते विचारले नाही. हातावर बल्ब ठेवला. त्यांनी मूठ मिटली.  देणे फिटले.

परत आलो. चाचपडत लिहितो आहे, ओळी एकमेकींवर जात असतील. ती शेजारी आहे. हात हातात आहे. आता ऊब नाही. गुळगुळीत, ओलसर, पातळ, ट्रेमधून काढलेल्या कागदासारखा. वाळतो आहे. कडेने वळायला लागला आहे, हळूहळू, आतल्या बाजूला. मी तळव्याने दाबून सपाट करतो. धरला आहे तोवर सरळ राहतो. पण वही घसरते आहे, ती सावरायची तर दुसरा हात –